एकट्या सायकलवाल्याला रूम का नाही?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

सुट्ट्या लागल्या की पर्यटनावर पानंच्या पानं येतात, होमस्टे, रिसॉर्ट, मासळी थाळी सगळं असतं, पण सायकलवरून एकटा हिंडणारा माणूस रात्री झोपतो कुठे यावर कधी काही वाचलं नाही म्हणून लिहितोय.

डिसेंबरात मी मांडव्यापासून मालवणपर्यंत सागरी रस्त्याने सायकल मारली. वय 56, सोबत कोणी नाही. ह्या रस्त्यावर सगळं फेरीबोटीवर असतं, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, एक बोट चुकली की मुक्कामाचा सगळा प्लॅन बोंबलतो.

पहिल्याच रात्री तीन लॉजवर एकच उत्तर, एकट्याला देत नाही. रूम रिकाम्या, आधार कार्ड हातात, पैसे आधी देतो म्हटलं तरी नाही. एकाने तर विचारलं घरी भांडून आलाय का! एकटा माणूस रूम घेऊन जिवाचं काही बरंवाईट करेल आणि मागे पोलिसांचा ताप लागेल अशी भीती असते म्हणे, तेही एकवेळ समजू शकतो, पण त्यासाठी कोण पंक्चरचं सामान आणि दोन जादा ट्यूब घेऊन चढ चढत येईल हो?

हेदवीनंतरच्या चढात दम खात बसलो आणि तवसाळची शेवटची बोट गेली. समोर जयगडचे दिवे दिसतायत आणि मी अलीकडे. जेटीवरच्या एकाने गुरवांना फोन लावला, ते बॅटरी घेऊन आले, माझ्याकडे बघितलं आणि पहिला प्रश्न, "जेवलात काय?" आधार नाही, फॅमिली नाही, काही नाही. देवळाच्या सभामंडपात चटई, घरून गरम भात आणि कुळथाची पिठी, अट एकच, सायकल तुळशीवृंदावनाला टेकवायची नाही. पहाटे घंटेनेच उठलो. पैसे घेईनात, शेवटी पेटीत टाकले.

देवगडच्या अलीकडे तर आंब्याच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणदाराच्या खोपटात झोपलो, राखणीला असलेल्या नेपाळी भावाच्या शेजारी. मोहोराला फवारणी चाललेली त्यामुळे रात्रभर औषधाचा वास, डोकं जड झालं. तो मात्र माझ्या सायकलची किंमत ऐकून जास्त वेळ जागा होता असं मला वाटतं.

हे सगळं ऐकायला मस्त वाटतं, मित्र म्हणतात काय नशीब तुझं, पण एकटी मुलगी असती तर तिने अंधारात कुणाचं दार वाजवायचं? परदेशी सायकलवाले वॉर्मशॉवर्स नावाच्या सायकलवाल्यांच्या वेबसाइटवरून आधीच कुणाचं तरी घर ठरवून येतात, आपल्याकडे जेटीवर कोण भेटतं त्यावर सगळं. खाडीकाठच्या ग्रामपंचायतींनी समाजमंदिर नाहीतर शाळेचा व्हरांडा रात्रीपुरता द्यावा, शंभर रुपये घ्यावेत, संडास उघडा ठेवावा, आणि किल्ली कोणाकडे ते जेटीवर बोर्डावर लिहावं. बिल्डिंग नको, स्कीम नको, उद्घाटन तर अजिबातच नको.

बोर्डाचा खर्च कोणी देत नसेल तर तवसाळचा पहिला बोर्ड मी स्वतः येऊन रंगवून देतो, त्यावर शेवटच्या बोटीची खरी वेळ काय लिहायची तेवढं फक्त कुणीतरी सांगा.

एक सायकलवाला, सांगली