नान्याची ट्राम

प्रिय दिग्या,

नान्याला कलकत्त्याच्या गीतांजली एक्सप्रेसची तीन तिकिटं हवी आहेत. त्याचं, माझं आणि तुझं. जानेवारीत निघायचं, हावड्याला उतरायचं, स्टेशनासमोरून ट्राम धरायची आणि पूल ओलांडून सरळ मेसवर. मेसच्या स्वयंपाक्याला, ठाकूरला, आधी कळवून ठेव म्हणाला, नाहीतर आपल्याला भात उरायचा नाही. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. दुसरं काय म्हणणार?

ठाकूरचं एक वेळ सोड. पण हावडा पुलावरची ट्राम 1993 सालीच बंद झाली रे. आणि 2024 च्या सप्टेंबरात तिथल्या सरकारने जाहीर केलं की मैदान ते एस्प्लनेड एवढा एक तुकडा वारसा म्हणून ठेवायचा, बाकी शहरातली ट्राम गुंडाळायची. हे नान्याला सांगायचं कुणी? वहिनी म्हणतात, "भावजी, तुम्हीच सांगा, माझ्या अंगावर येतात." सकाळी जेवलो की नाही हे त्याला दुपारी आठवत नाही, पण आपण तिकडे होतो त्या 1982 सालचं विचार, कंडक्टरच्या शर्टाचं कुठलं बटण तुटलेलं होतं तेही सांगेल. फोनवर तू "बघू बघू" करून सुटतोस, म्हणून हे पत्र.

मी एक युक्ती केली. 1993 एकदम अंगावर टाकण्यापेक्षा पहिल्यापासून सांगत यावं, म्हणजे शेवट येईपर्यंत गडी तयार होईल. तेव्हा हल्ली संध्याकाळी फोनवर आमचं ट्रामपुराण चालतं. अध्याय पहिला, 1873. फेब्रुवारीत सियालदा ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली. नदीच्या काठापर्यंत यायची आणि तिथेच संपायची. उतारू मिळेनात, नोव्हेंबरात बंद. नान्या म्हणाला, "आपल्या ब्रँचसारखंच." पुढच्या वर्षी सर ब्रॅडफर्ड लेस्लीचा तरंगता पूल झाला. जहाज आलं की मधला भाग बाजूला काढायचे, तोवर इकडची माणसं इकडे, तिकडची तिकडे. त्या पुलावर ट्राम काही चढली नाही. 1902 ला कलकत्त्यात विजेची ट्राम आली, 1905 पासून हावड्याच्या बाजूलाही आली, तिकडे बांधाघाट आणि शिबपूरला जायची. म्हणजे दोन्ही काठांवर रूळ, दोन्हीकडे ट्राम, आणि मध्ये हुगळी. जवळजवळ चाळीस वर्षं! त्या मुकादमाच्या भानगडीनंतर तू आणि मी एकाच खोलीत राहून बोलत नव्हतो, तसलाच प्रकार. (चूक तुझी होती. विषय निघाला म्हणून सांगतो.)

मग 1943, आत्ताचा हावडा पूल. नान्याचा आवडता अध्याय. साडेसव्वीस हजार टन पोलाद, नट-बोल्ट औषधालाही नाही, सगळा पूल रिव्हेटांवर. रस्ता खालून खांबांवर टेकवलेला नाही, वरून टांगलेला. डिसेंबरात जपान्यांचे बॉम्ब शहरावर पडून गेलेले, त्यामुळे सोहळा नाही, भाषणं नाहीत. 3 फेब्रुवारीला पूल खुला झाला आणि त्यावरून पहिलं वाहन गेलं ते म्हणजे एक एकटी ट्राम. नान्या इथे जरा वेळ गप्प असतो. मग म्हणतो, "तिच्यातही कंडक्टरने सुटेच मागितले असतील."

1946 साली पुलावरची रहदारी मोजली होती. दिवसाला 27,400 वाहनं, 1,21,100 पादचारी आणि 2,997 गुरं. हे वाचून दाखवलं तर नान्या ताडकन म्हणाला, "तीन हजारांना तीन कमी. ते आपण." सांग आता, असल्या माणसाला काय झालंय म्हणायचं?

पण गाडी 1946 च्या पुढे सरकत नाही. मी 1993 च्या जवळ जाऊ लागलो की तो मला आपल्या ट्रामवर ओढून नेतो. हावडा स्टेशनासमोरच्या ट्रामच्या पाट्या त्याला अजून पाठ आहेत: राजाबाजार, सियालदा, हायकोर्ट, डलहौसी, पार्क सर्कस, श्यामबाजार. एका दमात म्हणतो, परवचा म्हटल्यासारखा. आपण पहिल्या दिवशी राजाबाजारच्या ट्रामने गेलो असं त्याचं म्हणणं. पार्क सर्कसची होती, आणि तू साक्षीदार आहेस, कारण मागच्या डब्यात बसायचा हट्ट तुझा होता. पुढचा पहिला वर्ग, पंखे असलेला. मागचा दुसरा, स्वस्त. काही पैसे वाचवायला तू आम्हा दोघांना ट्रंकांसकट त्या लाकडी बाकांवर घाम गाळायला लावलंस. वर ऐकवलंस की ह्या शहरात 1953 साली एका पैशाच्या भाडेवाढीवरून दंगा पेटला होता, तेव्हा पैशाची किंमत ठेवा! तो कंडक्टर आठवतो? तिकिटांच्या गड्डीवर अंगठा फिरवून फर्रर्र वाजवायचा, पत्ते पिसल्यासारखा, आणि तोंडाने एक अक्षर बोलायचा नाही. पुलावर चढल्यावर ड्रायव्हर पायाने घंटा ठणठण बडवत होता आणि समोरचा हातगाडीवाला ढिम्म. नान्या खिडकीतून अर्धा बाहेर, खाली मल्लिक घाटाचा फुलबाजार बघत. कुठल्या साली काय झालं हे मला आता वाचून कळतं. नान्या अजून त्या खिडकीतच आहे.

दुसरे दिवशी पुन्हा घोड्यांपासून सुरुवात. माझ्या बायकोला आता ब्रॅडफर्ड लेस्ली पाठ झालाय.

खरं सांगू, 1993 चं मलाही पटलेलं नाही. पुलावरचा भार वाढला म्हणून ट्राम काढली. ठीक. पण 1992 च्या ऑक्टोबरात दुसरा पूल, विद्यासागर सेतू, सुरू झाला होता. बसेस, ट्रक तिकडे वळवून ट्रामला जागा ठेवता आली असती असं आपलं माझं मत, कोणी विचारलेलं नाही. हावड्याकडच्या शिबपूर-बांधाघाटच्या लायनी तर आपण जायच्या आधीच, 1970-71 मध्ये उखडल्या होत्या. आणि पुलाचं खरं नुकसान कशाने झालं माहीत आहे? पानाच्या पिचकाऱ्यांनी. टांगणीच्या खांबांच्या पायथ्याचे सहा मिलिमीटरचे पत्रे झिजून तीनच्याही खाली गेले, शेवटी फायबरग्लासची टोपणं बसवावी लागली. ह्या राष्ट्रीय कार्यात तुझा वाटा मोठा आहे, मी डोळ्यांनी पाहिलाय.

आता बघ. मला वाटतं, जायचं. पण त्याला सांगून जायचं. तिथे स्टेशनाबाहेर उभा राहून तो ट्रामची वाट बघत बसला, तर मला झेपणार नाही आणि तू तोंड फिरवून पान शोधायला जाशील. 2024 पासून मेट्रो नदीच्या खालून जाते, पाऊण मिनिटात पलीकडे, आणि आता तीच पुढे सियालदापर्यंत नेते. 1873 ला घोडे जिथून निघाले तिथेच! हे नान्याला आवडेल असं वाटतं. पूल मात्र चालत ओलांडायचा, त्याला मधे धरून. एस्प्लनेडचा तुकडा सुरू असला तर त्यात बसवू, पुढच्या डब्यात, पैसे तू भरायचेस.

सांगायचं मात्र तू. मी सांगितलं तर त्याला वाटणार की मी तिकिटाचे पैसे वाचवतोय. तुझ्यावर तो लहानपणापासून विश्वास ठेवतो, का ते देवाला ठाऊक.

माझी शुगर आहे तिथेच आहे, गुडघा बरा. तुझ्या मोतीबिंदूचं झालं का? धाकटीच्या जागेचं काय झालं, बोलणी पुढे गेली का? शेताच्या मोजणीचा निकाल लागला की कळव. वहिनींना नमस्कार सांग. लोणचं मिळालं, संपलंही.

नान्याला दुपारी चारनंतर फोन कर, तेव्हा तो ताजातवाना असतो. 1943 पर्यंत त्याला बोलू दे, मग सांग. आणि मला लगेच कळव, म्हणजे आरक्षण उघडल्यावर बघता येईल. खालचा बर्थ त्याचा, मधला माझा. वरचा तुझा, आणि ह्यावर भांडण नको.

तुझा,
बंड्या