आई-बाबा, फोन लागेल

ती. आई आणि ती. बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र दादा मोठ्या अक्षरांत छापून आणून देईल, म्हणजे चष्म्याची ओढाताण नको. आम्ही वर्षभर गाडीत राहायला निघालोय, तो विषय फोनवर निघाला की आईचा आवाज जड होतो, बाबा "खर्च किती येतो" एवढंच विचारतात, आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून निवांत लिहायला बसले.

जे ठरलंय ते आधी सांगून टाकते. आमचं इथलं, अमेरिकेतलं कॅरीचं घर विकलेलं नाही. वर्षभरासाठी भाड्याने दिलंय. 1 जूनला भाडेकरू येतील आणि आम्ही तिघं आरव्हीत, म्हणजे घरासारखी सोय असलेल्या मोठ्या गाडीत, राहायला जाऊ. करारावर सह्या झाल्या आहेत. आई, तू "अजून जरा विचार करा" म्हणालीस. तो करूनच इथवर आलोय गं. आम्हा दोघांचीही कामं घरूनच चालतात आणि दोन्ही कंपन्यांनी लेखी होकार दिलाय. भाड्यातून घराचा हप्ता सुटतो. चिऊ आता दहा वर्षांची आहे, अजून आमच्या मागे आनंदाने येते. तीन-चार वर्षांनी मैत्रिणींना सोडून ती निघायची नाही. शेजारी कुणी विचारलं तर सांग, नोकरी गेली नाही, घर गेलं नाही, सगळं ठीक आहे. आणि तुमच्यापासून आणखी लांब जावं असं तर मनाच्या कोपऱ्यातसुद्धा नाही.

तुझा खरा प्रश्न वेगळा आहे, तो मला कळलाय. "रात्री-अपरात्री यांना काही झालं, तर तुला रानावनात कुठे शोधायचं?" बाबांच्या स्टेंटनंतर मलाही झोपताना रोज हाच विचार येतो. म्हणून गाडी घेताना गादी, पडदे, रंग सगळं बाजूला ठेवून मी सगळ्यात आधी फोन आणि इंटरनेटचंच पाहिलं.

बाबा, हा भाग तुमच्यासाठी. तुम्ही टेलिफोन खात्यात जन्म काढलात, तुम्हाला पटलं तर आईला पटेल. एका लाइनवर कधी विसंबायचं नाही हे तुमचंच, म्हणून तीन वाटा ठेवल्या आहेत.

पहिली साधी मोबाइलची. गाडीत एक राउटर बसवलाय, त्यात दोन कंपन्यांची सिमकार्डं, टी-मोबाइल आणि व्हेरायझन. एकीची रेंज गेली की तो आपोआप दुसरीवर जातो. छतावर अँटेना आणि आत बूस्टर आहे. पण बूस्टर असलेला सिग्नल वाढवतो, नसलेला आणू शकत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. शहरं, गावं आणि मोठे हायवे एवढ्यावर भागतात.

दुसरी वाट स्टारलिंकची, म्हणजे उपग्रहावरून येणाऱ्या इंटरनेटची. पूर्वी परदेशी फोन उपग्रहावरून यायचे तेव्हा आपण "हॅलो" म्हणायचं आणि उत्तराची वाट बघायची, आठवतं? ते उपग्रह जवळजवळ 36,000 किलोमीटरवर. हे साधारण 550 किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे आवाज रेंगाळत नाही. तोंडासमोर बसल्यासारखं बोलता येतं, चित्रही नीट दिसतं. आम्ही घेतलेली त्यांची लहान तबकडी लॅपटॉपएवढी आहे, वजन किलोभराच्या थोडं वर. मागचा पाय उघडून जमिनीवर उभी करायची आणि वायर गाडीत घ्यायची. फोनवर आकाशाचं गोल चित्र दिसतं, त्यात झाडाने अडवलेला भाग लाल होतो. मग उचलून चार पावलं सरकवायची, लाल कमी होईपर्यंत. एवढंच तंत्र.

तिची एकच अडचण, तिला उघडं आकाश लागतं. उन्हाळ्यात आम्हाला गाडी झाडाखाली लावावीशी वाटणार आणि तबकडीला सावली चालत नाही. त्यासाठी लांब वायर घेतली आहे. गाडी सावलीत, तबकडी उन्हात. उंच झाडांच्या दाट जंगलात मात्र लांब वायरही कामाला येत नाही. म्हणून मुक्कामाची जागा ठरवताना आम्ही कॅम्पग्राउंडचे फोटो बघतो, वर मोकळं दिसतंय का ते. कॅम्पग्राउंडच्या फुकट वायफायवर मी अजिबात विसंबणार नाही. संध्याकाळी सगळे तंबू-गाड्या एकदमच त्यावर बसतात आणि साधी मेल उघडत नाही.

आणि आई, हे नीट वाच. वीज वाचवायला पुष्कळ लोक रात्री तबकडी बंद करतात. आम्ही करणार नाही, कारण आमची रात्र म्हणजे तुमचा दिवस. ती 25 ते 40 वॅट खाते, म्हणजे आठ तासांत दोनशे-तीनशे वॅट-तास. आमच्या लिथियम बॅटरीत अडीच हजारांच्या वर असतात आणि दिवसा छतावरचं सोलर ती भरतं. बाबा, हिशोब तपासून बघा. माझा फोन रात्री सगळ्यांसाठी गप्प असेल, फक्त तुम्हा दोघांचा आणि दादाचा नंबर वाजेल. उशाशीच असतो.

तिसरी वाट अगदी अडीनडीची. तळहातावर मावेल असं गार्मिनचं यंत्र आहे, इरिडियमच्या उपग्रहांवर चालतं. त्यावर बोलता येत नाही, पण छोटा मेसेज जातो आणि येतो. मोबाइल नाही, तबकडी लागत नाही अशा ठिकाणाहूनही "पोचलो, ठीक आहोत" एवढं तुमच्या ई-मेलवर येईल. आम्ही कुठे आहोत ते नकाशावर ठिपक्यांनी दिसेल, त्याची लिंक दादा तुमच्या टॅबवर लावून देईल. (बाबा, हे तिकडे आणायला सांगू नका. भारतात परवानगीशिवाय असं यंत्र बाळगता येत नाही.)

एवढं करूनही काही दिवस असे येतील की मी फोनवर नसेन. ते मी लपवणार नाही. पहिला तसा मुक्काम जूनमध्येच आहे, वेस्ट व्हर्जिनियात ग्रीन बँकला. तिथे 100 मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे, आणि तिथल्या वेधशाळेसाठी 1958 पासून आजूबाजूचा तब्बल 13,000 चौरस मैलांचा मुलूख रेडिओच्या दृष्टीने शांत ठेवलाय. दुर्बिणीच्या जवळ तर फक्त डिझेलच्या गाड्या जातात, कारण पेट्रोल इंजिनातल्या स्पार्क प्लगच्या ठिणगीचाही त्रास होतो. तिथे मोबाइल लागायचा नाही, आणि आमची तबकडी, राउटर, मायक्रोवेव्ह सगळं आम्ही बंद ठेवणार.

बाबा, हे ठिकाण मी मुद्दाम घेतलंय. आपण नारायणगावला असताना विज्ञान दिनाला तुम्ही मला आणि दादाला स्कूटरवर खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला नेलं होतं. मी पुढे उभी, दादा मागे, आणि डब्यात आईच्या गूळपोळ्या. शेतांच्या मधोमध त्या 45 मीटरच्या तबकड्या, अशा 30 आहेत म्हणालात. इतक्या लांबून येणारा आवाज ऐकायचा तर जवळच्यांनी गप्प बसायला हवं, हे तुम्ही मला तिथे बांधावर बसून समजावलं होतं. चिऊला मला ते दाखवायचंय. तुम्ही जसं सांगितलं होतं तसंच सांगणार आहे.

दुसरा मुक्काम यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा, जुलैत. तिथे वस्तीच्या मोजक्या ठिकाणीच मोबाइल लागतो, मधल्या रस्त्यांवर काहीच नाही. दिवसभर बाहेर असू, रात्री गाडीशी आलो की तबकडी लावेन.

तेव्हा नियम असा. जिथे फोन लागणार नाही तिथे जायच्या आधी मी सांगेन, आणि कुठल्या वारी किती वाजता पुन्हा लागेन तेही सांगेन. आई, पावसाळ्यात केबल फॉल्ट झाला की बाबा रात्रीच निघायचे आणि तू स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून बसायचीस. कुठल्या खांबावर आहेत, कधी येतील, काही पत्ता नसायचा. मी पांघरुणातून तुला बघायचे. तसं बसायची वेळ मी तुझ्यावर पुन्हा येऊ देणार नाही. मी सांगितलेली वेळ होईपर्यंत निश्चिंत राहायचं.

टीव्हीचं विचारलंस. चिऊसाठी आहे, आणि तुम्ही याल तेव्हा तुमच्यासाठीही. छतातून खाली आलेला दांडा फिरवला की वर अँटेना उभा राहतो आणि जवळच्या शहरातली चॅनेलं फुकट लागतात, आपल्या जुन्या दूरदर्शनसारखी. गाव बदललं की चॅनेलं नव्याने शोधावी लागतात. भिंतीवर एक बारीक बटण असतं, त्याचा हिरवा दिवा लागला पाहिजे, नाहीतर चित्रच येत नाही. निघायच्या आधी अँटेना खाली घ्यायचा हे चिऊचं काम. तिने स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे. उपग्रहाचा टीव्ही छतावर घुमट बसवून घेता येतो, महिन्या-महिन्याने पैसे भरून. पण झाडाखाली तोही आंधळाच, आणि आपलं मराठी तर इंटरनेटवरच मिळतंय. मग कशाला घ्यायचा?

तुझ्या मालिका झी फाइव्हवर आहेत. मोठ्या गावात लायब्ररीचं वायफाय चांगलं असतं, तिथे उतरवून घेता येतील तेवढे भाग मी घेऊन ठेवीन, म्हणजे रानात असलो तरी संध्याकाळी तुझं काही चुकणार नाही. एकदम स्वच्छ चित्राला तासाला तीन जीबीपर्यंत लागतात, साध्याला एक. आपण साधं ठेवू, पडदा लहान आहे, फरक कळत नाही. बाबांना क्रिकेट विलो नावाच्या इथल्या चॅनेलवर मिळेल. तुमचा संध्याकाळी साडेसातचा सामना ॲरिझोनातल्या ट्युसनमध्ये सकाळी सातला सुरू होतो, चहा घेत बघा. मराठी बातम्या यूट्यूबवर लाइव्ह लागतात.

ट्युसन म्हटलं, कारण तुमचं येणं मी नोव्हेंबरात धरलंय. डॉक्टर हो म्हणाले तरच, नाहीतर मुळीच नाही. यलोस्टोन समुद्रसपाटीपासून आठ हजार फुटांच्या आसपास आहे, बाबांना मी तिथे नेणार नाही. ट्युसन त्या मानाने पुष्कळ खाली, नोव्हेंबरात हवा छान, आणि जवळ मोठी हॉस्पिटलं. आम्ही तिथे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेली जागा महिनाभरासाठी घेऊ, गाडी हलवणार नाही. मागची खोली तुमची. पलंग खऱ्या उंचीचा आहे, वर चढावं लागत नाही. संडास खोलीला लागून. गरम पाणी आहे, गॅसची शेगडी आहे, आणि तुझा तीन लिटरचा कुकर मी बरोबर घेतलाय.

आता एक सांगायचं राहिलंय, आणि ते सांगताना मला वाईट वाटतंय. यंदा गणपतीला मी येत नाहीये. माझं तिकडे येणं आणि तुमचं इकडे येणं, दोन्ही एका वर्षात जमणार नाही, आणि मला तुमच्याबरोबर दोन आठवड्यांपेक्षा महिनाभर हवाय. आई, उकडीच्या मोदकांच्या वेळी मला व्हिडिओवर घे. मोबाइल डब्याला टेकवून ठेव, मी आणि चिऊ इथे करू, कळ्या तू बघून सांग. आरतीला आम्ही तिघंही असू. तुझा हात मात्र हातात नसेल, त्याचं मला नोव्हेंबरपर्यंत वाटत राहणार आहे.

आता ऐका, आणि वाद घालू नका.

बाबा, रात्री दहाला राउटर बंद करायचा नाही. महिन्याला किती युनिटं वाचतात ते मला माहीत आहे, तेवढे पैसे मी पाठवते. फोन रात्री चार्जिंगला लावायचा आणि आवाज चालू ठेवायचा. रक्त पातळ राहण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही, उपास असला तरी. जिभेखालची गोळी बंडीच्या खिशात हवी, कपाटात नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. छातीत दुखलं, घाम आला, काहीही वेगळं वाटलं, तर आधी 108, मग दादा, मग मी. आई, घाबरलीस की तू पहिला फोन मला लावतेस. लावू नकोस. मी उचलेनच, पण गाडी मी पाठवू शकत नाही. दादा पुण्याहून दोन-अडीच तासांत साताऱ्यात येतो, अॅम्ब्युलन्स त्याच्या कितीतरी आधी येईल. 108 मोठ्या आकड्यांत लिहून फोनशेजारी आणि फ्रिजवर चिकटवायला दादाला सांगितलंय. काढून टाकू नका, पाहुणे आले तरी.

रविवार आपला तसाच राहील, तुमचे सकाळचे साडेसात. आत्ता आमच्याकडे तेव्हा रात्रीचे दहा असतात आणि चिऊ झोपलेली असते. पश्चिमेकडे सरकलो की तेव्हाच आठ वाजतील, मग ती स्वतः बोलेल आजोबांशी. व्हॉट्सॲपचा नंबर बदललेला नाही.

बाबांच्या ईसीजीचा कागद झाला की सपाट ठेवून उजेडात फोटो काढून पाठवा, मागच्या वेळी घडी पडलेली होती. आणि आईने तिच्या मालिकांची यादी लिहून द्यायची आहे, कुठल्या भागापासून हवं तेही.

चिऊचा दोघांना गोड पापा. ह्यांचा नमस्कार.

तुमची,
बेबी