थर्मोस्टॅटसाठी धावून आलेल्या सर्वांचे आभार

घरातला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून हीटिंग चालू-बंद करणारं भिंतीवरचं यंत्र, बंद पडला तेव्हा ज्यांनी स्वतःचा वेळ काढून मार्ग दाखवला, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. तुमची नावं मला ठाऊक नाहीत, पण घर पुन्हा उबदार झालंय ते तुमच्यामुळेच.

बॅटऱ्या बदलूनही थर्मोस्टॅटची स्क्रीन कोरीच होती आणि हीटिंगची भट्टी सुरू होत नव्हती. भट्टीच बदलावी लागणार, या धास्तीत आम्ही होतो. अशा वेळी तुमच्यापैकी एकानं सांगितलं: मेन स्विच बंद करा, थर्मोस्टॅट काढून ‘आर’ (वीज आणणारी) आणि ‘डब्ल्यू’ (भट्टीला सुरू होण्याचा इशारा देणारी) या दोन तारा एकमेकींना जोडा, मग वीज सुरू करा, भट्टी पेटली तर दोष थर्मोस्टॅटचा. ती पेटली! ही चाचणी फक्त २४ व्होल्टच्या जोडणीत करायची, जाड तारांच्या १२० किंवा २४० व्होल्टच्या थर्मोस्टॅटवर अजिबात नाही, ही ताकीदही त्यांनी आठवणीनं दिली. असा सल्ला देणारा माणूस किती जबाबदार असेल!

तारांच्या रंगावर विसंबू नका, टर्मिनलवरची अक्षरं बघा आणि आधी फोटो काढा, हे कुणीतरी सांगितलं. नव्या वायफाय थर्मोस्टॅटला अखंड वीज हवी, म्हणून ‘सी’ तार, म्हणजे विजेचा परतीचा मार्ग पुरा करणारी तार, लागणार होती. भिंतीत न वापरलेली एक तार गुंडाळून ठेवलेली असू शकते, हा अंदाज तंतोतंत खरा निघाला. तिचं दुसरं टोक भट्टीच्या कंट्रोल बोर्डावर कुठे बसवायचं, याचं चित्र ज्यांनी हातानं काढून दिलं, त्यांना वेगळा नमस्कार.