विषय : एक्सएल म्हणून विकलेली ट्रायथलॉनची (पोहणं, सायकल, पळणं अशा सलग शर्यतीची) सायकल, आणि माझ्या उंचीवर ढकललेला दोष

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि विक्री प्रमुख
(दोघांनाही एकच पत्र, कारण फोनवर तुमची माणसं एकमेकांकडे बोट दाखवतात.)

आज दुपारी तुमच्या कस्टमर केअरने ‘तक्रारीचं निराकरण झालं’ अशी नोंद करून माझा फोन बंद केला. पाठोपाठ मेसेज आला : आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी तारे द्या. तारे दिलेले नाहीत. पत्र देतो आहे.

माझी उंची १९३ सेंटिमीटर, इनसीम (जांघेपासून तळव्यापर्यंत) ९४. ऑर्डर देताना तुमच्याच फॉर्ममध्ये हे दोन्ही आकडे भरले होते. एक्सएल हे माप मी निवडलेलं नाही, तुमच्या तक्त्याने सुचवलं. त्या तक्त्यात एक्सएलसमोर ‘१८८ ते १९८ सेंमी’ असं आजही छापलेलं आहे. पैसे पूर्ण भरले, सायकल खोक्यातून आली, जोडली, आणि ती मला बसत नाही.

बसत नाही म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायची गरज पडू नये. सायकल तुम्ही बनवता. तरी तुमच्या माणसांशी बोलून झाल्यावर सांगावंसं वाटतं. तुमच्या लार्ज आणि एक्सएलमध्ये रीच (पायडलच्या आसापासून हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर) २४ मिलिमीटरने वाढतो आणि स्टॅक (तेच अंतर, पण उभं) फक्त १२ ने. म्हणजे फ्रेम लांब झाली, उंच फारशी झालीच नाही. हे आकडे तुमच्या परदेशातल्या कॅटलॉगमध्ये आहेत, भारतातल्या तक्त्यातून नेमक्या याच दोन ओळी गाळल्या आहेत. ट्रायथलॉन सायकल फक्त सीट ट्यूबच्या (सीटखालच्या नळीच्या) लांबीवर आणि एस-एम-एल अक्षरांवर विकायची नसते. स्टॅक आणि रीच पाहिल्याशिवाय एअरोबारवर (कोपरं गादीवर टेकून धरायच्या पुढच्या दांड्यांवर) माणूस कसा बसेल ते कळूच शकत नाही. हे मला शेती करता करता समजलं, तुम्हाला कारखाना चालवून समजलं असेलच.

बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलच्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत मला साधारण ८३ सेंमी लागतात. इनसीम गुणिले ०.८८३, फिटिंग करणाऱ्या कोणालाही विचारा. तुमचा सीटपोस्ट (सीटची सरकती दांडी) किमान खुणेपर्यंत वर काढला की ८० ला संपतो. खुणेच्या वर काढू नका, फ्रेम तडकेल, असं तुमचंच मॅन्युअल म्हणतं. समजा सीट कशीबशी ८३ वर नेली, तरी कोपराच्या गाद्या सीटपासून जवळपास १८ सेंमी खाली राहतात. त्या अवस्थेत ९० किलोमीटर सायकल मारा, वर पायडल येताना प्रत्येक वेळी मांडी पोटात घुसते, आणि मग उतरून २१.१ किलोमीटर पळून दाखवा.

आता राग का आला ते. तुमच्याच मॅन्युअलमध्ये या दोन्ही गोष्टींचं औषध दिलेलं आहे. लांब सीटपोस्ट आहे. गाद्या ८० मिलिमीटरपर्यंत वर नेणारा रायझर संच, सोबत लांब बोल्ट, चित्रासकट आहे. खोक्यात मात्र गाद्यांखाली लावायचे २० मिलिमीटरचे स्पेसर (ठोकळे) निघाले. ते ८० चे लावले तर १८ चा फरक १२ वर येतो, आणि १२ मी खुशीत सहन करेन. मला नवी सायकल नको होती, नुकसानभरपाईही नको होती. हे दोन सुटे भाग मी मागत होतो, विकत. पैसे देऊन! आधी उत्तर आलं, डीलरला विचारा. नागपूरच्या डीलरने सांगितलं, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, ते भाग भारतात विक्रीला नाहीत. मग मॅन्युअल भारतात कशाला छापून पाठवता?

आजचा फोन. तो सविस्तर लिहितो, कारण तुमच्या नोंदीत त्याचं ‘निराकरण’ झालेलं आहे. तुमचे कॉल रेकॉर्ड होतात असं सुरुवातीलाच ऐकवता, तेव्हा पडताळून घ्या.

पहिला प्रश्न : ‘सर, तुमची हाइट किती?’ सांगितली. ‘सर, एवढी हाइट नॉर्मल नसते ना.’ मी म्हटलं, तुमच्या तक्त्यात १९८ पर्यंत लिहिलंय. ‘सर, ते अंदाजे असतं.’ मग सल्ला सुरू झाला. सीट थोडी खाली करून बघा. मला सीट वर पाहिजे, हे त्याआधीच सांगून झालं होतं. मग, सीट मागे सरकवा. साहेब, तुमची सीट ट्यूब ७८ अंशात उभी का केली आहे? पुढे बसलं की कंबरेचा कोन उघडा राहतो, पाय पळण्यासाठी शिल्लक राहतात, म्हणूनच ना? सीट मागे सरकवून ती ७४ वर आणायची असती तर माझी जुनी रोड बाइक काय वाईट होती? हे मी शांतपणे समजावलं. उत्तर आलं, ‘सर, थोडं वाकून चालवायची सवय करा, सगळे ट्रायथलीट वाकूनच चालवतात.’

इथवर मी सहन केलं. मग त्याने पत्ता वाचला. ‘दिग्रस तालुका, यवतमाळ... सर, तिकडे ट्रायथलॉन असतं का?’ म्हटलं, इकडे नसतं, गोव्यात असतं, २०१९ ला तिथे ७०.३ (तिन्ही मिळून ७०.३ मैलांचं आयर्नमॅन) सुरू झालं. ‘अच्छा. मग स्विमिंग कुठे करता सर?’ म्हटलं, अरुणावती धरणाच्या पाण्यात. पलीकडे हसू आलेलं स्पष्ट ऐकू आलं. हसू दाबायचं तरी शिकवा त्यांना. आणि त्यानंतर, ‘सर, गावच्या रोडसाठी आमची हायब्रिड बेस्ट आहे. हँडल उंच आहे, मागे कॅरिअर पण बसतं. एक्स्चेंजमध्ये लावू का?’

फोन स्पीकरवर होता. आमचा सालदार बाजूला फवारणीचा पंप धूत होता, तो म्हणाला, ‘भाऊ, हा सायकल इकून राह्यला का पोरगी दाखवून राह्यला? उंचीच काहून इचारते?’

मॅनेजरशी बोलायचं आहे म्हटल्यावर होल्डवर टाकलं. होल्डवर तुमची जाहिरात वाजते : प्रत्येक रायडरसाठी परफेक्ट फिट. ती जाहिरात मी पाठ होईपर्यंत ऐकली. शेवटी तोच माणूस परत आला. मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत, आणि ‘फिटमेंट हा कस्टमरच्या बॉडीचा इश्यू आहे, वॉरंटीत येत नाही.’ माझ्या बॉडीची वॉरंटी मी मागितलेली नाही. दोन भाग मागितले, जे तुमच्या मॅन्युअलमध्ये आहेत. पुन्हा लिहितो : तुमच्या मॅन्युअलमध्ये आहेत.

उंच माणूस ही काही मी शोधून काढलेली भानगड नाही. सायकलिंगच्या जागतिक संघटनेने २०२३ पासून टाइम ट्रायलला (एकेकट्याने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीला) उंचीप्रमाणे तीन गट केले. १८० सेंमीच्या आतल्या रायडरचा एअरोबार ८० सेंमीपर्यंत पुढे जाऊ शकतो, १९० च्या वरच्याचा ८५ पर्यंत. तो नियम ट्रायथलॉनचा नाही, मला माहीत आहे, पण कडक नियमांसाठी प्रसिद्ध असलेल्या संघटनेला जे कळलं ते तुमच्या भारतातल्या कार्यालयाला कळत नाही. आणि जर १९० च्या वरच्यांना सायकल द्यायचीच नसेल तर तक्त्यात १९० ला रेघ मारा. मोकळं व्हा. मी पैसे तरी भरले नसते.

जुनी रोड बाइक तुमचीच होती. दिग्रस–दारव्हा रस्त्यावर तिने खड्डे, बैलगाड्या, उसाचे ट्रॅक्टर, सगळं सोसलं, एकदाही कुरकुर केली नाही. तिच्या भरवशावर दुसरी घेताना मी बाकीच्यांच्या सायकली पाहिल्यासुद्धा नाहीत. इथली दोन पोरं पोलीस भरतीसाठी धावता धावता माझ्यासोबत सायकलवर आली, त्यांनाही तुमचंच नाव सांगत होतो. आता काय सांगू, आधी बुटके व्हा मग घ्या?

मागणी साधी आहे. लांब सीटपोस्ट आणि ८० मिलिमीटरचा रायझर संच, लांब बोल्टांसकट, माझ्या पत्त्यावर पाठवा. ते जमत नसेल तर सायकल परत न्या आणि पूर्ण रक्कम द्या, वाहतूक तुमची. खोकं नागपूरला आणून द्या वगैरे ऐकून घेणार नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा लागत नाही. तुमच्या वकिलाला मात्र मुंबईहून यावं लागेल. तक्त्याचा स्क्रीनशॉट, मॅन्युअलचं ते पान आणि टेप लावून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
एक्सएल ग्राहक, ता. दिग्रस, जि. यवतमाळ
(ऑर्डर क्रमांक तुमच्याकडे आहे, उंचीसुद्धा.)

ता.क. परत न्यायचं ठरलं तर गाडी सोयाबीन काढणीच्या आधी पाठवा. पोती आली की ओसरीत त्या खोक्याला जागा राहणार नाही, आणि ते बाहेर पावसात भिजलं तर ‘कस्टमर डॅमेज’ असं लिहायला तुमचे लोक मोकळे.