अंध धावपटूच्या बातमीत गाइडचंही नाव छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचे वेध लागले की अंध धावपटूंच्या बातम्या येऊ लागतात. मथळा ठरलेला असतो, ‘अंधत्वावर मात’. फोटोत दोघं दिसतात, अंध धावपटू आणि त्याचा गाइड, म्हणजे दोरीने जोडून सोबत पळणारा डोळस धावपटू; खाली नाव एकाचंच. दोघांच्या हातांतली दोरी बहुतेकदा फोटो कापताना जाते. लांब पल्ल्याच्या अंध धावपटूची अख्खी कारकीर्द त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे यावर ठरते, म्हणून हे पत्र.

केनियाचा हेन्री वान्योइके घ्या. जन्म १९७४, गाव किकुयू. लहानपणापासून पळण्यात तरबेज. १९९५ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि एका रात्रीत नजर जवळजवळ सगळी गेली. तो विणकाम शिकला, सावरला आणि गाइडच्या साथीने पुन्हा पळू लागला. २०००च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये ५,००० मीटरच्या शर्यतीत तो पुढे होता, पण त्याचा गाइड जॉन किबुए आजारातून पुरता उठलेला नव्हता. शेवटी किबुएचे पाय गळाले आणि वान्योइकेने त्याला ओढत रेषेपार नेऊन सुवर्णपदक घेतलं. ही गोष्ट नेहमी जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि जिद्द होतीच. पण तिथे गाइडची दमछाक धावपटूच्या आधी झाली होती, हेही ध्यानात घ्यायला हवं. पुढे त्याचा बालमित्र जोसेफ किबुन्जा गाइड झाला. २००४च्या अथेन्समध्ये वान्योइकेने ५,००० मीटर १५ मिनिटं ११.०७ सेकंदांत आणि १०,००० मीटर ३१ मिनिटं ३७.२५ सेकंदांत जिंकले, दोन्ही त्याच्या गटातले विश्वविक्रम. २००५ मध्ये हॅम्बुर्ग मॅरेथॉन त्याने २ तास ३१ मिनिटं ३१ सेकंदांत पूर्ण केली. लंडनची मॅरेथॉन पळून त्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.

आता गाइडच्या बाजूने हिशेब करू. १५:११ म्हणजे ४०० मीटरची फेरी सुमारे ७३ सेकंदांत, आणि अशा साडेबारा फेऱ्या. ट्रॅकवर गाइड साधारणपणे बाहेरच्या अंगाने पळतो. दोघांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर धरलं, तरी दर फेरीला त्याचे पावणेचार मीटर वाढतात, शर्यतभरात ४७ मीटर. शिवाय त्याला सतत बोलायचं असतं. त्यामुळे ५,००० मीटरला गाइडची स्वतःची वेळ निदान अर्धा-पाऊण मिनिट सरस हवी, मॅरेथॉनला पंधरा मिनिटं. ‘मित्र आहे, सोबत पळेल’ या भरवशावर तिसाव्या किलोमीटरला गाडी अडते. लांब शर्यतींत दोन गाइड बदलून घ्यायची मुभा आहे, पण मग गाइडना पदक मिळत नाही.

दोरी न ताणणारीच लागते. इलॅस्टिक चालत नाही, कारण त्याने धावपटूला पुढे खेचता येतं आणि खेचण्याला बंदी आहे. सरावाला बुटाची जाड सुती नाडी उत्तम. दोन्ही टोकांना बोटं सैल बसतील असे फास घ्या, मधलं अंतर वीतभर ठेवा. फास मनगटात आवळू नका, एक पडला तर दुसराही जातो. आतले हात एकत्र झुलले पाहिजेत, म्हणजे दोघांचे बाहेरचे पाय एकाच वेळी पुढे पडतात. ही लय चुकली की दोरीला हिसके बसतात, धावपटूचा खांदा आखडतो आणि दहा किलोमीटरनंतर मान धरते.

हाका आधी ठरवून घ्या. नवा गाइड नुसतंच ‘डावीकडे’ म्हणतो. त्यातून रस्ता वळतोय की फक्त हातभर सरकायचंय, हे धावपटूला कळत नाही. म्हणून ‘डावं वळण’ आणि ‘डावीकडे सरक’ या दोन वेगळ्या हाका हव्यात. गतिरोधकाला ‘तीन, दोन, एक, वर’. चढ कुठे सुरू होतो याच्याइतकंच तो कुठे संपतो हे सांगायला हवं. मुंबई मॅरेथॉनमधल्या पेडर रोडच्या चढावर ‘झालं, सपाट’ ऐकू आलं नाही तर धावपटू उगाच गुडघे उचलत राहतो. पाणी गाइडने बाहेरच्या हाताने घ्यावं आणि टेबलांजवळच्या ओल्या जमिनीची आगाऊ कल्पना द्यावी. घसरण्याचे प्रकार तिथेच जास्त होतात.

शेवटच्या पन्नास मीटरमध्ये गाइडने अर्धं पाऊल मागे राहायचं. रेषा आधी धावपटूने ओलांडायची आणि तोवर दोरी सुटता कामा नये. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये स्पेनची एलेना कोंगोस्त मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. चौथी धावपटू तीन मिनिटांहून अधिक मागे होती. रेषा काही पावलांवर असताना गाइड मिया कारोलला पेटके आले. त्याला सावरताना तिच्या हातून दोरी क्षणभर सुटली आणि तिला बाद ठरवलं गेलं. नियमाचं कारण आम्हाला पटतं, तरी तो निकाल अजून सलतो.

आपल्याकडे अंकुर धामाने हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत १,५०० आणि ५,००० मीटरची दोन सुवर्णपदकं मिळवली. तो टी-११ गटात, म्हणजे पूर्ण अंध किंवा जवळपास तसे असलेल्यांच्या गटात पळतो. या गटात गाइडशिवाय ट्रॅकवर उतरताच येत नाही. महाराष्ट्रातल्या अंधशाळांतही पळणारी मुलं आहेत, पण रोज पहाटे साडेपाचला मैदानावर येणारे वेगवान गाइड मिळत नाहीत. जिल्हा पातळीवर पाच हजार मीटर पळून पुढे संधी न मिळालेले तरुण या कामाला अगदी योग्य आहेत.

आयोजकांना दोन विनंत्या. गाइडला विनाशुल्क आणि वेगळ्या रंगाचा बिब (छातीवर लावायचा क्रमांक) द्यावा, म्हणजे मार्शल त्याला घुसखोर समजून अडवणार नाहीत. आणि या जोड्यांना गर्दीच्या दहा मिनिटं आधी सोडावं, कारण पहिल्या दोन किलोमीटरच्या रेटारेटीत मधूनच कुणी घुसलं की दोरी पायात येते. आपल्याला विनंती एकच, यंदा फोटोखाली दोन्ही नावं द्या.

आपले नम्र,
काही गाइड धावपटू आणि प्रशिक्षक, मुंबई