जिल्ह्याचा नकाशा, बारा तुकडे

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय भावा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी उद्यमनगरात फाउंड्रीच्या भट्टीशेजारी उभा होतो, त्यामुळं निम्मं ऐकू आलं आणि निम्मं अंदाजानं. तुझं पोरगं २४ तुकड्यांचं चित्र जुळवायचं पझल दहा मिनिटांत लावतंय, मोडतंय, परत लावतंय. तर आता वाढदिवसाला थेट १०० तुकड्यांचं आणू का, एवढं कळलं.

आणू नकोस. मी आणलं होतं. पोरगी चार वर्षांची झाली तेव्हा हौसेनं १०० तुकड्यांचं जहाज आणलं. वर निळं आभाळ, खाली निळा समुद्र, मधे बोटभर जहाज. जहाज लागलं, आणि पुढं पाचव्या निळ्या तुकड्याला तिनं सगळं ढकलून दिलं. डबा सहा महिने पलंगाखाली. मला वाटलं, पोरीचा नाद सुटला. मग एका रात्री मीच लावायला बसलो आणि माझाच तास गेला. पोरीत काही खोट नव्हती, चित्रातच होती. तेव्हा ३५, ४८ असं चढत जा, पण आकड्याआधी चित्र बघ. बाजाराचं, स्टेशनाचं, गजबजलेलं घे. म्हशीचं शिंग एका तुकड्यात आणि डोकं शेजारच्या तुकड्यात, असं. पुठ्ठा जाड हवा. पातळ पुठ्ठ्याचे पापुद्रे महिन्याभरात सुटतात.

आमच्या धंद्यात माप तपासायचा गेज असतो बघ. माल गेजात बसला तर पास, नाही तर बाजूला. हुज्जत घालायला जागा नाही. बालशिक्षणातल्या मॉन्टेसरीबाईंच्या दट्ट्यांचं तेच आहे. लाकडी ठोकळ्यात १० भोकं, १० दट्टे. मधे एक जरी चुकीच्या भोकात गेला तरी शेवटी एक हातात उरतो, आणि पोराला आपलं आपण कळतं. मी खेळणं घेताना आता एवढंच तपासतो: चूक कोण सांगतंय? खेळणं सांगत असेल तर घ्यायचं. बटण दाबल्यावर ‘शाब्बास’ म्हणणारी, गाणी वाजवणारी दुकानातच ठेवून द्यायची. आणि त्यासाठी महागडं सामानच पाहिजे असंही नाही. आपल्याकडं बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला बालवाड्या चालवल्या त्या आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंवरच. आमच्या आईनं तर पोरीपुढं फडताळातले सगळे स्टीलचे डबे ओतले आणि म्हणाली, ‘झाकणं लाव बघू.’ अर्धा तास घर शांत.

टॅनग्रॅम, म्हणजे एका चौरसाचे तुकडे करून आकार जुळवायचं कोडं, मात्र जरूर कर. वर्कशॉपमधे सागवानी फळीचा तुकडा पडून होता, त्यातून २० सेंटिमीटरचा चौरस काढला. सात तुकडे: दोन मोठे त्रिकोण, एक मधला, दोन छोटे, एक चौरस आणि एक तिरका समांतरभुज. याची गंमत म्हणजे त्याच सातांतून मांजर होतं, होडी होते, घर होतं. लावलं आणि संपलं असं नाही. मेख त्या तिरक्या तुकड्यात आहे. बाकीचे नुसते फिरवले तरी चालतात, हा कधीकधी पालथा घालावा लागतो. पोरगी त्यावर दोन दिवस अडली. माझ्या तोंडात आलंच होतं, ‘पालथा घाल की!’ तेवढ्यात हिनं टेबलाखालून पाय दाबला. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता पोरगी उठली, खरकट्या हातानं तुकडा उलटा केला आणि परत येऊन भात खायला बसली. एक शब्द बोलली नाही.

चौकट करशील तर फट ठेव हं. ओतकाम गार होताना आकसतं म्हणून आम्ही पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा लाकडी नमुना, जरा मोठा करतो, त्या सवयीनं मी तुकडे नेमके घट्ट बसवले. जुलैत आपला पाऊस लागला, लाकूड फुगलं, एकही निघेना.

बाकी बाजारातलं घेताना आयएसआयचा शिक्का बघ, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे. तुझी धाकटी रांगतेय, म्हणून लोहचुंबकानं जोडायच्या खेळण्यातल्या फरशा सध्या नकोच. फुटल्या आणि दोन चुंबकं पोटात गेली तर आतडं मधे धरून एकमेकांना चिकटतात. बटण सेलही तसलेच, पोटात गेले की आतून जाळतात. सापशिडी आण, पण पोरगं हरलं की पट उधळणार हे धरून चाल.

आता मुख्य गोष्ट. जिगसॉची, म्हणजे या तुकड्यांच्या पझलची, सुरुवातच मुळी नकाशापासून झाली. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं नकाशा फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला, शाळेतल्या पोरांसाठी. हे वाचलं आणि मी आपला जिल्हा कापला. बारा तालुके, बारा तुकडे. पहिल्या दिवशी पोरीला नुसते आकार दिसत होते. मग चंदगड ‘खाली लोंबणारं’ झालं, शिरोळ ‘मामाचं’, आणि गगनबावडा ‘जिथं मला गाडीत उलटी झाली ते’. त्या दिवसापासून ती आकार न बघता लावते.

तोच नकाशा आणि टॅनग्रॅम एसटीच्या पार्सलनं पाठवतोय. उत्तराचा कागद मुद्दाम घातलेला नाही. शोधत बसू नकोस, आणि तुला स्वतःला जमलं नाही तर पोराला विचार. आजऱ्याचा तुकडा रंगानं वेगळा दिसेल. जुना शेजारच्या कुत्र्यानं चावला, हा काल नवा कापलाय.

तुझाच,
उद्यमनगरचा सुतार