गृहपाठातली चूक सकाळच्या तासापर्यंत पोहोचू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणिताचा गृहपाठ आता कितीतरी शाळांत मोबाइलवरून दिला जातो. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पुस्तकातल्या पानाचा फोटो येतो, मुले वहीत गणिते सोडवतात, आई किंवा वडील त्या वहीचा फोटो काढून गटावर टाकतात आणि शिक्षक ‘छान’ म्हणून कळवतात. साठ मुलांच्या वर्गाचे साठ फोटो रात्री कोण आणि कसे तपासणार? दुसऱ्या दिवशी तासाला पुढचा घटक सुरू होतो. मूल काल कुठे अडले, हे वर्गापर्यंत येतच नाही. मी गणित शिकवते, आणि ऑनलाइन गृहपाठातली ही उणीव मला सर्वांत जास्त खुपते. ती दूर करता येण्याजोगी आहे, म्हणून हे पत्र.

सहावीत पूर्णांक संख्यांची वजाबाकी झाल्यावर (−७) − (−३) किती, असे विचारून पाहावे. उत्तर −४. काही मुले −१० लिहितात. ऋण संख्या वजा करणे म्हणजे काय, हेच त्यांना उमगलेले नसते. काही जण ४ लिहितात. त्यांनी सातातून तीन बरोबर वजा केलेले असतात, चिन्ह मात्र सुटलेले असते. वहीत दोघांनाही सारखीच फुली मिळते. खरे तर पहिल्या मुलांना पुन्हा संख्यारेषेवर न्यायला हवे, तर दुसऱ्यांना चिन्हाकडे बोट दाखवले तरी पुरते. हाच प्रश्न गूगल फॉर्म्सवर, म्हणजे ऑनलाइन प्रश्नावली तयार करण्याच्या साधनावर, पर्यायांसह दिला आणि ते पर्याय मुलांच्या नेहमीच्या चुकांमधूनच घेतले, तर कोणत्या पर्यायावर किती मुले गेली याचा आलेख शिक्षकाला तास सुरू होण्यापूर्वीच दिसतो. जास्त चुकलेले प्रश्नही वेगळे काढून मिळतात. मुलालाही उत्तर पाठवताच चूक कळू शकते, आणि ती का झाली याची दोन ओळींची सूचना आपण आधीच लिहून ठेवू शकतो. यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. मात्र सकाळच्या तासाची पहिली दहा मिनिटे त्या चुकलेल्या प्रश्नांना दिलीच पाहिजेत, नाहीतर आलेखही फोटोंसारखाच पडून राहील.

अमेरिकेतल्या मेन राज्यात याची नीट पाहणी झाली आहे. तिथे सातवीच्या मुलांना सरकारकडून लॅपटॉप मिळत असत. मुलाला लगेच चूक दाखवणाऱ्या आणि शिक्षकाला वर्गाचे चित्र देणाऱ्या ‘असिस्टमेंट्स’ नावाच्या मोफत ऑनलाइन गृहपाठ-साधनावर चाळीसहून अधिक शाळांमध्ये हा अभ्यास झाला आणि २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुले आठवड्यातून तीन-चार रात्री, जेमतेम दहा मिनिटे ते वापरत. तरीही वर्षअखेरीच्या चाचणीत त्यांची प्रगती ते न वापरणाऱ्या शाळांतल्या मुलांपेक्षा जास्त दिसली, आणि गणितात मागे असलेल्या मुलांना त्याचा फायदा अधिक झाला. तिथल्या शिक्षकांना गृहपाठाची माहिती वर्गात कशी वापरायची याचे प्रशिक्षण मिळाले होते. मला या पाहणीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच.

आपल्याकडे ‘दीक्षा’ हे शालेय अभ्यासाचे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ २०१७ पासून आहे, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत. त्यांतून मुलांना व्हिडिओ मिळतात आणि ते उपयोगीही पडतात. पण मुलाची चूक त्याच्या स्वतःच्या शिक्षकापर्यंत रोजच्या रोज पोहोचेल, अशी सवय आपल्या शाळांना लागलेली नाही. काही खासगी ॲप तर वर्गात चालू असलेल्या घटकाशी संबंध नसलेली गणिते देतात आणि वर चांदण्या वाटतात. त्या चांदण्या पाहून पालक खूश होतात. मुलाचे अपूर्णांक कच्चे ते कच्चेच राहतात.

दोन गोष्टींचा आग्रह मात्र धरायला हवा. गणित वहीतच, पायऱ्या मांडून सोडवायचे, फोनवर फक्त उत्तर नोंदवायचे. आणि या उत्तरांना गुण द्यायचे नाहीत. गणिताचा फोटो काढला की आयते उत्तर देणारी ॲप आता मुलांच्या हातात आहेत. गुण मिळणार असतील तर मुले तिकडेच वळतील आणि आपल्याला खोटे चित्र दिसेल. चुकण्याची भीती नसेल तरच खरी चूक समोर येते.

घरात एकच फोन असतो, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री उशिरा परततो, ही अनेक घरांतली परिस्थिती आहे. म्हणून प्रश्न पाच-सहाच असावेत, आणि ज्यांना फोन मिळत नाही त्यांनी तेच प्रश्न कागदावर सोडवून सकाळी द्यावेत. तेवढे कागद शिक्षकाला तासापूर्वी नक्की पाहता येतील.

प्रत्येक शिक्षकाने रोज असे प्रश्न स्वतः तयार करावेत, ही अपेक्षा मात्र योग्य नाही. ऑनलाइन माहिती भरण्यातच आमचे पुष्कळ तास जातात. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि बालभारती यांना माझी विनंती आहे की, पुस्तकातल्या प्रत्येक सरावसंचावर, नेहमीच्या चुकांचे पर्याय असलेली तयार प्रश्नावली मराठीत द्यावी. शिक्षकांना ती जशीच्या तशी किंवा बदल करून वापरता यावी. केंद्रस्तरावरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत शिक्षकांनी आपापल्या वर्गाचे आलेख सोबत आणावेत आणि कोणत्या चुकीवर वर्गात काय केले, काय लागू पडले, यावर एकमेकांशी बोलावे. सुरुवात सहावी-सातवीच्या पूर्णांक आणि अपूर्णांकांपासून करावी, कारण आठवीच्या बीजगणितात अडखळणारी मुले बहुधा इथेच मागे पडलेली असतात.

कळावे,
एक गणित शिक्षिका, सातारा